माझ्या शेतातला 6 मीटर उंचीचा मातीचा बंधारा (साठा सुमारे 8 कोटी लिटर) धरण सुरक्षेच्या कोणत्या वर्गात येतो? खाली ओढ्याकाठी चार घरं आहेत.

कागदावर कोणत्याच नाही. 2021च्या धरण सुरक्षा कायद्यात 15 मीटरपेक्षा उंच धरणं येतात. 10 ते 15 मीटरची येतात ती माथ्याची लांबी 500 मीटर, साठा 10 लाख घनमीटर अशी एखादी अट लागू झाली तरच. पूरक्षमतेचं भारतीय मानकही लहान धरण मोजतं ते 5 लाख घनमीटर किंवा साडेसात मीटर पाण्यापासून. तुमचे 8 कोटी लिटर म्हणजे 80 हजार घनमीटर, तुम्ही दोन्हीच्या खाली.

पण उंचीवरून धोका ठरवणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. वर्ग म्हणजे भरावाच्या तब्येतीचा दाखला नव्हे. फुटला तर खाली काय वाहून जाईल, एवढंच तो सांगतो. हवाईतल्या काउआई बेटावरचं का लोको धरण घ्या. 1890चं, मातीचं, खाजगी मालकीचं, आणि वर्ग ‘कमी धोका’. 14 मार्च 2006च्या पहाटे ते फुटलं, सुमारे 150 कोटी लिटर पाणी सुटलं, सात माणसं गेली. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, जागेवर नव्हताच. तो मातीने बुजवल्याचे भक्कम पुरावे चौकशीत पुढे आले. वाट नसलेलं पाणी माथ्यावरून गेलं, आणि मातीचा भराव तेवढंच सोसत नाही. पुढे खटल्यात मालकाला कैद झाली. वर्गाचा कागद ना त्या सात जणांच्या कामी आला, ना मालकाच्या.

तुमचा बंधारा फुटला तर ढोबळ सूत्राने सेकंदाला दीडशे घनमीटर पाणी सुटेल. ओढ्याकाठच्या चार घरांना ते पुरेसं आहे. माझ्या लेखी तुमचा वर्ग ‘जास्त धोका’.

आधी सांडवा बघा. पाणी जास्त अडावं म्हणून त्यावर फळ्या किंवा वाळूची पोती लावली असतील तर आजच काढा. 10 मीटर रुंद सांडव्यावरून 60 सेंमी खोलीने सेकंदाला जवळपास 8 घनमीटर पाणी जातं, 30 सेंमीने जेमतेम पावणेतीन. म्हणजे खोली निम्मी केली की क्षमता तिसऱ्या हिश्श्यावर येते. मासे जाऊ नयेत म्हणून बांधलेली जाळीही तेच करते. पहिल्याच पुरात पालापाचोळा अडकून तिची भिंत होते.

मग भरावाचा खालचा पायथा. पाझर स्वच्छ असेल तर बादली आणि घड्याळ घेऊन दर आठवड्याला मोजा, वहीत लिहा. गढूळ झाला तर आतून माती निघतेय. तिथे चिखल थापून तोंड बंद करायचं नाही, पाणी दुसरीकडून फुटतं. आधी जाड वाळू, त्यावर खडी, वर दगड, असा थर द्या: पाणी निघू दे, माती थांबू दे. तळ्यातल्या पाण्याची पातळीही उतरवा, पण दिवसाला फुटाच्या आत. घाईने उतरवलं तर आतल्या बाजूचा ओला भराव घसरतो. विमोचकाच्या (भरावातून पाणी सोडायच्या) पाइपाला लागून ओल दिसली तर हाच उपाय, पण त्याच दिवशी.

बाभळी वाढल्या असतील तर नुसत्या तोडू नका. मुळं कुजली की भरावात आयती नळी तयार होते. मुळासकट काढून खड्डा थराथराने धुमसून भरा. बिळांचंही तसंच. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवऱ्याचं धरण 2019 मध्ये फुटल्यावर खेकड्यांवर खापर फोडलं गेलं आणि लोक हसले. पण बीळ बुजवायचं काम मालकाचंच.

हे सगळं भराव धड दाबून घातलेला आहे असं धरून लिहिलंय. ट्रॅक्टरने नुसती माती लोटून बांध केला असेल, तर आधी भू-तंत्र अभियंत्याला (माती आणि पायाच्या जाणकाराला) दाखवा. आणि चार घरांतल्या प्रत्येकाचा फोन नंबर पावसाळ्याआधी घेऊन ठेवा.