दोन फुटी रीफ टँकला किती वॅटचा लाइट लागेल?

टँक ६० लिटरचा आहे आणि त्यातल्या खाऱ्या पाण्यात झोअँथिड, मशरूम असे सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ) ठेवायचे आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मग वॅटचा हिशोब सोडाच. तो ट्यूबलाइटच्या जमान्यातला. एलईडीमध्ये बघायचा तो ‘पार’ (PAR), म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश. कोरलच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं त्यावरच अन्न तयार करतात आणि कोरलचं बरंचसं पोट त्यातून भरतं.

तुमच्या कोरलना ५० ते १०० पार पुरे. मशरूम तर सावलीतही खूश असतात, त्यांना तळाशी ठेवा. ॲक्रोपोरासारख्या हार्ड, म्हणजे कठीण सांगाड्याच्या, कोरलना २०० च्या वर लागतो, पण भारतात हार्ड कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. त्या वाटेला जाऊ नका आणि मालवणच्या समुद्रातून तर काहीही उचलून आणू नका.

लाइट घेताना निळा आणि पांढरा चॅनल वेगवेगळा कमी-जास्त करता येतो का, हे आधी विचारा. ४२० ते ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश सर्वांत कामाचा. गोड्या पाण्यातल्या झाडांचा लाइट इथे नको. मोबाइलच्या प्रकाश मोजणाऱ्या लक्स ॲपवरही विसंबू नका, ते निळा प्रकाश कमी दाखवतं.

नवा लाइट पहिल्याच दिवशी पूर्ण क्षमतेनं लावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कोरल पांढरे पडतात. ३० टक्क्यांवर सुरुवात करा, तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा, आणि टायमर लावून रोज आठ-नऊ तासच चालू ठेवा.