देवावरचा विश्वास उडाला की आयुष्य पोकळ वाटतं का?

सुरवातीला वाटतं, खोटं कशाला बोलू. मी गोव्याचा, आमच्या घरी सातेरी देवीचं खूप, आणि सातेरी म्हणजे मुळात वारूळच, आमच्याकडे त्याला रोयण म्हणतात. कॉलेजात असताना प्रश्न पडायला लागले, गाऱ्हाणं घालताना, म्हणजे देवापुढे मागणं मांडताना, मागे उभा राहायचो पण मनात काहीच हलायचं नाही, आईला सांगायची हिंमत तर अजून नाही.

मग एकदा मित्राबरोबर सत्तरी तालुक्यात नानोड्याला निरंकाराच्या राईत, म्हणजे देवराईत गेलो. तिथं रानजायफळाची झाडं पाण्याचिखलात उभी आहेत आणि त्यांची मुळं गुडघे दुमडल्यासारखी वर येतात, कारण चिखलात हवा नसते, झाड त्या मुळांनी श्वास घेतं. अर्धा तास नुसता बघत बसलो राव.

गंमत म्हणजे ती राई टिकली ती देवाच्या भीतीनेच, कोणी कोयता लावला नाही म्हणून, त्यामुळे श्रद्धेला सरसकट मूर्खपणा म्हणणं मला जमत नाही. पण नमस्कार आता मूर्तीला होत नाही. वारुळापाशी मात्र अजून थांबतो, डोळे नसलेल्या कामकरी वाळव्यांनी थुंकी आणि मातीने एवढं उभारलंय, नवस वगैरे काही नाही, बघायला थांबतो.