पुरस्काराच्या फाईलबद्दल थोडं

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तू पुढे पाठवलेला 'आंतरराष्ट्रीय उत्कृष्ट वैज्ञानिक पुरस्कारा'चा ईमेल वाचला. वर अभिनंदन, खाली नोंदणी शुल्क. उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. अशा वेळी तीन गोष्टी तपासायच्या: निवड समितीत कोण आहे, आधीचे मानकरी कोण आणि त्यांचं काम आपल्या क्षेत्रात कुणाला माहीत आहे का, आणि पैसे कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात जातात. व्यावसायिक संस्थेची वार्षिक वर्गणी भरणं वेगळं आणि सन्मानचिन्हाची किंमत मोजणं वेगळं. असला एक पुरस्कार बायोडेटात शिरला की जाणकार वाचणारा बाकीच्या खऱ्या नोंदींकडेही संशयाने बघू लागतो. नुकसान तिथे होतं.

आता तुझा मूळ प्रश्न: खरा सन्मान मिळायचा तर काय तयारी ठेवायची? सन्मान कामाचाच होतो, पण समितीसमोर असतो तो कागद. तिथल्या कुणीही तुझा रोबोटिक हात चालताना पाहिलेला नसतो. त्यातून आपलं अवकाश-रोबोटिक्सचं क्षेत्र असं की एका यानावर शेकडो माणसं राबतात. तुझा वाटा कोणता, हे तू लिहून ठेवलं नाहीस तर दहा वर्षांनी तुलाही नीट सांगता येणार नाही.

सांघिक सन्मानापासून सुरुवात करू, कारण तुझ्या वाट्याला आधी तोच येईल. चांद्रयान-३ला २०२४ साली अमेरिकेतल्या स्पेस फाउंडेशनचा जॅक स्विगर्ट पुरस्कार मिळाला, ऑगस्टमध्ये राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांतला पहिला 'विज्ञान टीम' पुरस्कार मिळाला आणि ऑक्टोबरमध्ये मिलानला आंतरराष्ट्रीय अंतराळ महासंघाचा वर्ल्ड स्पेस अवॉर्ड मिळाला. इंजेन्युइटी या मंगळावरच्या हेलिकॉप्टरच्या संघाला अमेरिकेतली २०२१ची कॉलिअर ट्रॉफी, म्हणजे विमान-अंतराळ क्षेत्रातला मोठा सन्मान, मिळाली. हे सगळे संघांचे सन्मान आहेत. बायोडेटात त्यांची नोंद करताना पुरस्काराचं नाव, वर्ष, 'संघाला' हा शब्द आणि पुढे एका ओळीत स्वतःचा वाटा, असं लिही. 'संघाला' गाळणारे बरेच भेटतात, आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडतात.

तो एका ओळीचा वाटा लिहिणं सर्वांत अवघड. 'रोव्हरच्या हालचाल प्रणालीवर काम केले' हे वाक्य शंभर जणांच्या कागदावर असतं. अडचण काय होती, काय बदललं आणि आकडा किती हलला, हे तिन्ही यायला हवं. नमुना चांद्रयानातच आहे. सप्टेंबर २०१९मध्ये चांद्रयान-२चा लँडर आदळला. पुढच्या यानासाठी पाय मजबूत केले आणि उतरताना सोसायची उभी गती सेकंदाला २ मीटरवरून ३ मीटरवर नेली. २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३चा लँडर विक्रम सुखरूप उतरला. कारण, बदल, आकडा, परिणाम, सगळं चार ओळींत आलं. तुझ्या पातळीवर हेच असं होईल, समज: 'मऊ मातीत चाकांच्या घसरणीचा अंदाज १२ टक्के चुकत होता, मोटरच्या विद्युतप्रवाहावरून घसरण ओळखण्याची रीत बसवली, चूक ४ टक्क्यांवर आली, पुढच्या दोन चाचणी-रोव्हरवर तीच रीत वापरली.' आकडे मी उदाहरणादाखल घातलेत, तुझे तू घाल. शेवटचा तुकडा मात्र विसरू नकोस. दुसऱ्या कुणी तुझं काम वापरलं, याइतका भक्कम पुरावा नाही.

यासाठी एक साधी वही किंवा फाईल ठेव. दर तीन महिन्यांनी नोंद: तारीख, अडचण, माझं काम, आधीचा आणि नंतरचा आकडा, अहवाल क्रमांक, साक्ष देऊ शकेल असा माणूस. चाचणीचा आलेख त्याच आठवड्यात जपून ठेव; सर्व्हर बदलतात, माणसं बदलतात, आणि नेमका तोच आलेख नंतर सापडत नाही. पेटंट संस्थेच्या नावावर असलं तरी शोधक म्हणून तुझं नाव त्यात आहे ना, हे अर्ज दाखल होण्याआधीच बघ. अंतर्गत अहवालातला मजकूर बाहेरच्या नामांकनात टाकायचा तर आधी लेखी परवानगी घे. ती यायला वेळ लागतो आणि मुदत तुझ्यासाठी थांबत नाही. सोपा उपाय म्हणजे मंजूर झालेल्या परिषद-निबंधात जे आधीच छापून आलंय, तेवढ्यावरच नामांकन उभं करायचं.

वैयक्तिक पायऱ्यांपैकी पहिली आयट्रिपलईचं, म्हणजे विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं, सीनिअर मेंबरपद. त्याला दहा वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो आणि त्यातली निदान पाच वर्षं लक्षणीय कामगिरीची. शिक्षणही त्यात धरतात: संबंधित शाखेच्या पदवीची तीन वर्षं, सोबत पदव्युत्तर असेल तर चार, डॉक्टरेट असेल तर पाच. म्हणजे एम.टेक. झालेल्याला नोकरीची सहा वर्षं पुरतात. सीनिअर मेंबर किंवा फेलो (त्याच्या वरची पायरी) असलेल्या तिघांच्या शिफारशी लागतात. अर्ज परत येतात ते बहुधा दोन कारणांनी. बायोडेटात नुसती हुद्द्यांची यादी असते, कामगिरी नसते. किंवा तारखांची बेरीज दहा भरत नाही, कारण मधलं एखादं वर्ष लिहायचं राहिलेलं असतं.

फेलो ही वेगळीच गोष्ट. एका वर्षात मतदार सभासदांच्या जास्तीत जास्त ०.१ टक्के लोक निवडले जातात. स्वतःचं नाव स्वतः सुचवता येत नाही. सीनिअर मेंबर असावं लागतं आणि पाच वर्षांचं सभासदत्व लागतं. शिफारस करणारे फेलोच असावे लागतात. संशोधक, प्रत्यक्ष काम करणारा अभियंता, शिक्षक की तांत्रिक नेतृत्व, हा वर्ग नामांकन भरताना ठरवावा लागतो आणि चांगली नामांकनं इथेच घसरतात. यान बनवणाऱ्या माणसाला 'संशोधक' म्हणून पाठवलं की समिती निबंध मोजायला बसते आणि तो मागे पडतो. तोच 'अभियंता' म्हणून गेला तर अवकाशात गेलेली उपकरणं आणि पेटंटं बोलतात. दुसरी चूक म्हणजे दहा योगदानं कोंबणं. एक घे, फार तर दोन. आधी एका ओळीचं सायटेशन, म्हणजे सन्मान कशासाठी ते सांगणारं वाक्य, लिही आणि त्या ओळीला आधार देत नाही तो प्रत्येक पुरावा काढून टाक. काढताना जीव तुटतो, तरी काढ.

शिफारसपत्रांसाठी मोठ्या नावामागे धावू नकोस. तुझी रीत ज्याने स्वतः वापरली असा, शक्यतो दुसऱ्या संस्थेतला माणूस शोध. मुदतीच्या तीनेक महिने आधी विचार. त्याला एक पान दे: सायटेशनचा मसुदा, दोन पुरावे आणि त्याने कोणत्या मुद्द्याची खात्री द्यायची ते. अख्खं पत्र लिहून देऊ नकोस. तीन पत्रांत तेच वाक्य आलं की वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. 'कष्टाळू, मनमिळाऊ, शिस्तप्रिय' असली पत्रं लग्नाच्या बायोडेटाला शोभतात.

आपल्याकडच्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्काराचे चार प्रकार आहेत: विज्ञान रत्न, विज्ञान श्री, विज्ञान युवा-शांतिस्वरूप भटनागर आणि विज्ञान टीम. अंतराळ विज्ञान-तंत्रज्ञान हा त्यात स्वतंत्र विषय आहे. विज्ञान युवाला वयाची मर्यादा ४५ वर्षं, म्हणजे तुला भरपूर अवकाश आहे. पद्म पुरस्कारांत सरकारी नोकरांना बंदी असली तरी डॉक्टर आणि वैज्ञानिक अपवाद आहेत, हे अनेकांना ठाऊकच नसतं. तिथे ८०० शब्दांपर्यंतचं सलग वर्णन लागतं. लोक त्यात पदांची यादी भरून मोकळे होतात.

'यंत्रं बनवणाऱ्याला कोण विचारतो' असं तू लिहिलंस, ते मला पटलं नाही. कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांना २०२४चं खगोलशास्त्राचं शॉ पारितोषिक मिळालं. त्यात मिलिसेकंद पल्सार (सेकंदाला शेकडो वेळा गरगरणारे मृत तारे), गॅमा किरणांचे स्फोट आणि सुपरनोव्हा यांवरच्या शोधांबरोबरच कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेतल्या दोन आकाश-सर्वेक्षण प्रकल्पांची कल्पना, उभारणी आणि नेतृत्व यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्यांचा सहभाग असलेल्या शोधात पहिला मिलिसेकंद पल्सार सापडला १९८२ साली, तरुण संशोधकांसाठीचा अमेरिकेतला वॉटरमन पुरस्कार त्यांना मिळाला १९९२ साली. इंजेन्युइटीचंही तसंच. मद्रास आयआयटीत शिकलेल्या बॉब बलराम यांनी मंगळावर हेलिकॉप्टर उडवायची कल्पना १९९०च्या दशकात मांडली होती, पहिलं उड्डाण झालं १९ एप्रिल २०२१ला. १.८ किलोचं ते यंत्र पाच उड्डाणांसाठी बनवलं होतं, झाली बहात्तर. काम आणि सन्मान यांच्यात एवढं अंतर पडतं, म्हणून कागद जपायचे.

तुझ्या गटातल्या तंत्रज्ञांची नावंही त्याच वहीत लिहीत जा. वायरिंग आणि जुळणी करणारा माणूस स्वतःचं नामांकन भरणार नाही. संघाची यादी करायची वेळ आली की त्याचं नाव तूच घालायचं आहेस.

गेल्या वर्षभरातलं एकच काम निवड. अडचण, बदल, आकडा, वापर, असं पाच ओळींत लिहून रविवारपर्यंत पाठव. विशेषणं मी खोडून परत देईन.

कळावे,
तुझा हितचिंतक