दीर्घिका म्हणजे तळं हो, लांबोडकं काहीतरी नव्हे

स्पायरल गॅलॅक्सीला, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या वेटोळ्या घातलेल्या वसाहतीला, 'सर्पिल आकाशगंगा' लिहावं की 'सर्पिलाकार आकाशगंगा' असं विचारलंयत. सर्पिल पुरे, मागे आकाराचं शेपूट नको. पण माझं डोकं फिरलं ते पुढच्या शब्दावर. आकाशगंगा हे विशेषनाम आहे, आपला सूर्य जिच्यात आहे ना, फक्त तिचं. आणि हे न्यूजवाले रोज 'दूरच्या आकाशगंगेत ताऱ्यांचा जन्म' करत बसतात, उद्या दिसेल त्या नदीला इंद्रायणी म्हणाल! काहीजण तर चक्क तारकासमूह म्हणतात, म्हणजे सप्तर्षींसारखी आकाशातली ताऱ्यांची आकृती, त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं. गॅलॅक्सीला सरळ दीर्घिका म्हणा की.

आता खरी गंमत. दीर्घ म्हणजे लांब, म्हणून लांबट दिसते ती दीर्घिका, असं भलेभले छातीठोक सांगतात. मग समोरून गोल गरगरीत दिसणाऱ्यांचं काय करायचं? जरा अमरकोश उघडा, 'वापी तु दीर्घिका', म्हणजे बारव, लांबट तळं. दीर्घ आहेच त्यात, पण लांब आहे ते तळं! बंगालीत तिचीच दिघी झाली, कोलकात्याची लालदिघी ऐकली असेल. आकाशासाठी हा शब्द उचलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाणीच होतं यावर मी पैज लावायला तयार आहे. ग्रीकांना वर दूध दिसलं, गॅलॅक्सी त्यातूनच आला, आपल्याला पाणी दिसलं, हिंदीवाले गॅलॅक्सीला मंदाकिनी म्हणतात, तीसुद्धा नदीच.

आणि एम ५१ ही सर्पिल दीर्घिका बघा. सप्तर्षींच्या टोकाला मरीची, त्याच्याजवळच, पण श्यामशबल तारकासमूहात, साधारण ३ कोटी प्रकाशवर्षं दूर. १७७३ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसियेला सापडली, पण तिची वेटोळी दिसली ती १८४५ मध्ये आयर्लंडात लॉर्ड रॉसला, ७२ इंची दुर्बिणीतून, आणि त्याने ती हाताने चितारली. इंग्रजीत नाव काय, तर व्हर्लपूल, म्हणजे पाण्यातला भोवरा!! शेजारच्या छोट्या दीर्घिकेच्या ओढीने हिच्यातला वायू ढवळला जातो, दाटतो, भुजांमध्ये, म्हणजे त्या वेटोळ्यांमध्ये, भराभर तारे जन्मतात, त्या कोवळ्या पण रणरणत्या ताऱ्यांमुळे आजूबाजूचा हायड्रोजन लालगुलाबी चमकतो, फोटोत ठिपक्यांच्या माळा दिसतात त्या ह्याच. तळं, तळ्यात भोवरा, वर पाणी लाल. लालदिघीच की ही!

आता 'पण आमच्या कोशात तर' करत कोणीतरी येईलच. या, पण आधी दीर्घिका कोणती समोरून दिसते आणि कोणती कडेने तेवढं बघून या.