शंभर टक्के निकालाच्या पलीकडं

एप्रिल-मे आला की माझ्याकडं सल्ल्यासाठी येणाऱ्या निम्म्या पालकांचा प्रश्न एकच असतो. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीला संपली, आता आठवीला पोरांना घालायचं कुठं? आमच्या सातारा भागात हायस्कुलांना तोटा नाही. बहुतेक शाळा संस्थांच्या आणि अनुदानित आहेत. शिक्षकांचा पगार सरकारचा, पुस्तकं तीच, बोर्डही तेच. तरी ‘शाळा चुकली तर पोरीचं वाटोळं होईल’ ही धास्ती घेऊन आईबाप येतात. ती धास्ती मी कधीच उडवून लावत नाही. आठवी ते दहावी या तीन वर्षांत मुलींचं शिक्षण पुढं जाणार की थांबणार, हे बऱ्याच घरांत ठरून जातं.

अशाच एक ताई लेकीला घेऊन आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ताई शिवणकाम करतात, नवरा साखर कारखान्यात कामाला. वहीत तीन शाळांचे रकाने पाडून आणले होते. तालुक्याचं मोठं हायस्कूल, तिथलीच कन्याशाळा आणि शेजारच्या गावातलं छोटं हायस्कूल. प्रत्येकापुढं दहावीचा निकाल आणि पहिल्या आलेल्याचे टक्के. मोठ्या शाळेचा निकाल शंभर टक्के, त्याखाली दोन रेघा मारलेल्या. जाऊबाईंचा मुलगा तिथंच शिकतो, वडिलांचाही कल तिकडंच. “मॅडम, तुम्ही म्हणाल तिथं नाव घालते,” ताई म्हणाल्या.

शाळेचं नाव मी सुचवत नाही. मी विचारलं, “मागच्या वर्षी नववीच्या वर्गात किती मुलं होती आणि त्यातली दहावीला किती बसली?”

ताई गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, “मला नववीनंतर सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला होता. गणित कच्चं होतं. फॉर्म भरला, पण अभ्यास कोण घेणार? परीक्षा राहिली ती राहिलीच.”

सतरा नंबर म्हणजे बाहेरून, खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्याचा अर्ज. शाळा सुटलेल्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे. पण काही शाळा कच्च्या मुलांना नववीतच या वाटेला लावतात, कारण ती मुलं शाळेच्या नियमित निकालात धरली जात नाहीत. फलकावर शंभर टक्के झळकतात आणि गळालेली मुलं कुठल्याच आकड्यात दिसत नाहीत. सगळेच शंभर टक्के असे नसतात. म्हणून नववीचा पट विचारायचा.

पहिल्या आलेल्याच्या टक्क्यांचंही तसंच. आपल्या बोर्डात सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच धरून टक्केवारी निघते. नव्वद टक्के दिसले तरी गणितात काय झालं ते कळत नाही. शाळेनं गणितात मधल्या मुलांना कुठवर नेलं, हे विषयवार निकालातच दिसतं, आणि तो शाळेकडं असतो.

मग मुलीशी एकटीशी बोलले. तिला निकालाचं काहीच वाटत नव्हतं. भीती दोन गोष्टींची होती. एक, सेमी इंग्रजीला गणित-विज्ञान इंग्रजीतून असतं. दुसरी सांगायला तिला वेळ लागला. मोठ्या शाळेत जाणारी मामेबहीण सकाळपासून पाणी पीत नाही, कारण मुलींच्या संडासाला कडी नाही. पाळीच्या दिवसांत ती शाळेलाच जात नाही. महिन्याला तीन-चार दिवस असे बुडाले तर शिकवणी लावूनही ते भरून निघत नाहीत. ताईंच्या वहीत याला रकाना नव्हता.

मी ताईंना सांगितलं, तिन्ही शाळांत शाळा भरलेली असताना जाऊन या. संडास मधल्या सुट्टीत बघा. कुठल्या विषयाचं पद रिकामं आहे ते विचारा. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला किती मुलं बसवतात तेही विचारा. त्यात निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. आणि दहावीतल्या दोन मुलींच्या विज्ञानाच्या प्रयोगवह्या शेजारी शेजारी ठेवून बघा. दहावीला विज्ञानाच्या १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात.

ही वह्यांची गोष्ट ताईंनी फार मन लावून केली. मोठ्या शाळेत भिंगाच्या प्रयोगाची निरीक्षणं दोन्ही वह्यांत दशांशापर्यंत तीच, अक्षर देखणं, खाडाखोड नाही. फळ्यावरून उतरवलेली. कन्याशाळेत दोघींचे आकडे वेगळे, एकीनं खोडून पुन्हा लिहिलेले, पानावर पाण्याचा डाग. भिंग तिथं मुलींच्या हातात आलं होतं, एवढं त्यावरून नक्की कळतं.

छोट्या हायस्कुलावर माझा जीव आहे. घरापासून जवळ, वर्गात मुलं मोजकी. पण तिथं गणिताचं पद रिकामं होतं, तासिकेवर येणारे सर कधी येत, कधी नाही. आठवीला ही जोखीम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कन्याशाळेचा निकाल तिघांत कमी होता. पण नापास झालेल्या मुलींची नावं मुख्याध्यापिकाबाईंना तोंडपाठ होती आणि पुरवणी परीक्षेसाठी त्यांचे तास कोण घेतंय तेही त्यांनी सांगितलं. वडिलांचं मन मात्र वळेना. मग ताई त्यांनाच तिथं घेऊन गेल्या. एसटीचा पास मुलींना मोफत आहे, पण शाळा सुटल्यावर गाडी किती वाजता, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. जादा तास पाचला संपतो आणि गाडी साडेपाचला, हे स्टँडवर विचारून आल्यावर त्यांनी होकार दिला.

पहिल्या घटक चाचणीत गणितात वीसपैकी सहा पडले. ताईंचा घाबरून फोन आला, “मॅडम, दाखला काढू का?” मी म्हटलं, आधी गणिताच्या बाईंना भेटा. दुसऱ्या दिवशी त्या भेटल्या. सेमीला नवीन आलेल्या मुलींना रोज शाळा भरायच्या आधी अर्धा तास मराठीतून समजावून सांगायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. त्या यादीत लेकीचं नाव आधीच होतं.