सोलरमध्ये अडकलेले आठ लाख : ठेवीदार राहायचं की शेअर घ्यायचे?

प्रश्न : वकीलताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. आमच्या शिवारात दोन मेगावॅटचा सोलर प्रकल्प येणार म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये एका खासगी कंपनीला आठ लाख दिले. सहा लाख आरटीजीएसने, दोन लाख रोख. शंभरच्या बाँडवर नोटरी केलेला करारनामा आहे, त्यात पूर्ण आठ लाख लिहिलेत. महिना बारा हजार व्याज आणि तीन वर्षांनी मुद्दल परत, अशी बोली. सोबत तारीख न टाकलेला सहीचा चेक. नोव्हेंबर २०२२ पर्यंत व्याज आलं, मग बंद. रानात लोखंडी सांगाडे उभे आहेत, पॅनल एकही नाही. संचालक म्हणतात, महावितरणने करार केला नाही, आम्ही तरी काय करणार! ठाण्यात गेलो तर ‘हे दिवाणी आहे’ म्हणून परत पाठवलं. आता कंपनीचा माणूस गावात सह्या घेत फिरतोय, की मुद्दलाच्या बदल्यात शेअर घ्या. आम्ही चाळीसेक जण आहोत. पोरं म्हणतात, सांगाडे कापून भंगारात घालू. महावितरणवर केस करावी का? आणि मला यात आणणारा माझ्या साडूचा मुलगा आहे. त्याचं नाव घ्यावं का?
— एक वाचक, ता. भूम, जि. धाराशिव

उत्तर : गुरुजी, बाकी सगळं नंतर. त्या शेअरच्या कागदावर सही करू नका, आणि ज्यांची अजून झाली नाही त्यांनाही थांबवा.

आज तुम्ही ठेवीदार आहात. महाराष्ट्रात ठेवीदारांसाठी १९९९ चा कायदा आहे, कोर्टात त्याला एमपीआयडी म्हणतात. त्यातली ठेवीची व्याख्या ऐसपैस आहे. परत करायच्या बोलीवर घेतलेला पैसा म्हणजे ठेव, मग कंपनी त्याला ‘गुंतवणूक’ म्हणो की ‘सहभाग’. पण भागभांडवल आणि भागीदाराने घातलेलं भांडवल त्यातून वगळलेलं आहे. सही झाली की समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढील : हे ठेवीदार नव्हेत, मालक आहेत, धंदा बुडाला तर यांचाही बुडाला. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. उद्या कंपनी दिवाळखोरीत मुंबईच्या एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणात गेली, तरी तिथेही तारण असलेली बँक आधी, बिनतारण पैसे दिलेले तुमच्यासारखे तिच्या मागे आणि शेअरवाले सगळ्यात शेवटी.

‘हे दिवाणी आहे’ हे ठाण्याचं उत्तर अर्धंच खरं. नुसता धंदा बुडणं गुन्हा नाही. मात्र एमपीआयडीच्या कलम ३ ला एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे, ते तक्रारीत जरूर आणा. पैसे घेताना दिलेलं आश्वासनच व्यापारी हिशेबात न बसणारं असेल आणि त्यापायी परतफेड थकली, तर ती कपटानेच थकवली असं कायदा धरून चालतो.

आता हिशेब करा. एक मेगावॅट उभारायला साधारण चार कोटी लागतात. वर्षाला पंधरा-सोळा लाख युनिट निघतात. शेतीपंपांच्या वीजवाहिनीसाठीच्या (फीडर) अशा प्रकल्पांना युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास दर मिळतो. म्हणजे वर्षाची आवक पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस लाख. बँकेचा हप्ता, जमिनीचं भाडं, राखणदार यांतलं काहीही वजा न करता ही होते उभारणीच्या खर्चाच्या अकरा-बारा टक्के. तुम्हाला कबूल केले वर्षाला अठरा! शिवाय एक युनिटही तयार झालेलं नसताना सव्वा वर्ष व्याज कुठून आलं? मागाहून पैसे भरणाऱ्यांच्या खिशातून, असा माझा तर्क. खात्याचे उतारे पोलिसांनी मागवले की दिसेलच.

ही तक्रार चाळीस जणांनी मिळून पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या आर्थिक गुन्हे शाखेत द्या. दाद लागली नाही तर अधीक्षकांना लेखी, आणि तिथेही नाही लागली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पैसे २०२१ मध्ये घेतले, म्हणून फसवणुकीला जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४२०च लागेल. नवी न्याय संहिता १ जुलै २०२४ पासूनची. रोख दिलेले दोन लाख लपवू नका. वीस हजारांवरचं कर्ज किंवा ठेव रोखीत घेतली तर प्राप्तिकराचा दंड घेणाऱ्यावर असतो, देणाऱ्यावर नाही.

गुन्हा दाखल झाला की एमपीआयडीखाली सरकार कंपनीची मालमत्ता जप्त करू शकतं, ती पुरली नाही तर संचालकांचीही. मग विशेष न्यायालयाच्या हुकुमाने विक्री आणि वाटप. वर्षं लागतात, हे आत्ताच सांगते. पण म्हणूनच पोरांना आवरा. जप्त होण्याजोगं जे काही डोळ्यांपुढे उभं आहे ते तेवढंच. कापलंत तर चोरीची फिर्याद पोरांवर, आणि ‘प्रकल्प गावकऱ्यांनीच मोडला’ असं म्हणायला कंपनी मोकळी.

महावितरणवर केस नको. तुमचा करार कंपनीशी. कंपनीचं आणि महावितरणचं भांडण असलंच तर ते राज्य वीज नियामक आयोगापुढे जाईल. त्यात तुम्ही कुणीच नाही.

दिवाणी दाव्याची मुदत मात्र डोक्यात ठेवा. मुद्दल ऑगस्ट २०२४ मध्ये देय झालं, तिथून तीन वर्षं. थकलेल्या व्याजाचा प्रत्येक महिना आपापल्या तारखेपासून मोजतात, म्हणजे डिसेंबर २०२२ चे बारा हजार डिसेंबर २०२५ नंतर मागता येत नाहीत. व्हॉट्सॲपवरच्या ‘देतो गुरुजी’वर विसंबू नका. पण येणं कबूल असल्याचा सहीचा कागद मुदतीच्या आत मिळाला तर तीन वर्षं नव्याने सुरू होतात. चेकवर तारीख टाकाल तर वकिलाला विचारूनच टाका. तारखेपासून तीन महिन्यांत तो भरायचा, परत आला तर तीस दिवसांत नोटीस, पंधरा दिवस वाट आणि पुढच्या महिन्याभरात फिर्याद. यातला एक दिवस चुकला तरी प्रकरण लंगडं होतं.

साडूच्या मुलाचं नाव घ्या. त्याला कमिशन मिळालं असेल तर ते त्याच्या खात्यात दिसणारच, आणि तुम्ही गाळलेलं नाव बाकीचे एकोणचाळीस जण सांगतील. तक्रारीत फक्त घडलं तेवढंच लिहा : कधी आला, काय म्हणाला, पैसे कुणाच्या हातात दिले. तो आरोपी की साक्षीदार, हे तपासात ठरेल. तक्रार देण्याआधी त्याला एकदा घरी बोलावून मात्र घ्या. तुमच्यानंतर कुणाकुणाचे पैसे गेले याची यादी बहुधा त्याच्याकडेच असेल, आणि आर्थिक गुन्हे शाखेला पहिल्या दिवशी तीच लागेल.