बाटली आपली, टेबल त्यांचं, समन्स सगळ्यांना

प्रश्न : यजमानांच्या साठीनिमित्त आम्ही सात जण पुण्यातल्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो होतो. तिथे मद्य मिळत नाही, पण मॅनेजर व्हॉट्सॲपवर म्हणाला, "वाइन तुमची तुम्ही आणा, बाटलीमागे पाचशे रुपये कॉर्केज लागेल." नाशिकच्या वायनरीतून आणलेल्या दोन बाटल्या नेल्या. पहिली अर्धी होते न होते तोच एक्साइजचं पथक आलं, पंचनामा झाला. आता आठ महिन्यांनी सातही जणांना समन्स आलंय. त्यात सासूबाईही आहेत, ज्या सोलकढी पीत होत्या! सगळे म्हणतात, गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा. मेलबर्नला लेकीकडे तर लोक सर्रास बाटली घेऊन हॉटेलात जातात. आणि वाइन आता सुपरमार्केटमध्येही मिळणार होती ना? पुढे अशी बाटली नेता येईल अशी रेस्टॉरंट्स कशी शोधायची? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, पहिल्या तारखेला कोर्टात जाऊन कबुली देऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमच्यावर लावलेलं कलम बहुधा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मधलं ८४ असेल, आणि मालकावर ६८. ढाब्यांवर छापे पडतात तेव्हा हीच जोडी लागते. कलम ६८ हे 'कॉमन ड्रिंकिंग हाउस' चालवणाऱ्याला, कलम ८४ तिथे पिताना किंवा पिण्यासाठी आलेला सापडेल त्याला. 'कॉमन ड्रिंकिंग हाउस'ला साध्या मराठीत गुत्ता म्हणतात. तुमच्या टेबलावर मेणबत्ती आणि गुलाबाचं फूल होतं हे मला मान्य आहे, पण कायद्याला सजावट दिसत नाही. जागेच्या मालकाच्या किंवा चालकाच्या फायद्यासाठी जिथे मद्य पिऊ दिलं जातं, ती जागा या व्याख्येत बसते. हा फायदा जागेच्या भाड्यातून होवो, पिण्याच्या सोयीसाठी घेतलेल्या पैशातून होवो की आणखी कुठल्या मार्गाने. कॉर्केज म्हणजे आपली बूच-उघडणावळ, ती या व्याख्येत अगदी मापाने शिवल्यासारखी बसते. काही ठिकाणी 'आम्ही कॉर्केज घेत नाही, फक्त जेवण इथे घ्या' असं सांगतात. त्यानेही सुटका होत नाही, कारण बाटलीच्या ओढीने आलेल्या गिऱ्हाइकाचं जेवणाचं बिल हाही फायदाच. बिलावर कॉर्केजवर जीएसटी लावला असेल, तर तोही परवान्याच्या जागी उभा राहत नाही.

आता सासूबाईंचं. कलम ८४ मध्ये एक तरतूद आहे जी लोकांना माहीत नसते : अशा जागी मद्यपान चालू असताना जो कोणी हजर सापडेल, तो पिण्यासाठीच आला होता असं गृहीत धरलं जातं. मात्र ते 'उलट सिद्ध होईपर्यंत'च. म्हणजे सोलकढी पिणाऱ्या आजींनाही गृहीतकाने ओढलं, पण ते खोडून काढायला तुमच्याकडे पुष्कळ आहे. बिलावर सोलकढी लिहिली आहे का? पंचनाम्यात किती ग्लास जप्त केल्याची नोंद आहे, कोणासमोरून? कोणाचा श्वास तपासला, कोणाला वैद्यकीय तपासणीला नेलं? सात माणसं आणि चार ग्लास, तर उरलेल्या तिघांसाठी बचाव तिथेच सुरू होतो. सर्वांसाठी एकच वकीलपत्र भरायला हरकत नाही, पण बचाव मात्र प्रत्येकाचा वेगळा मांडायला सांगा.

कबुली का नको, ते आता. कलम ८४ ला कैद नाही, फक्त दंड आहे, म्हणून 'भरा आणि सुटा' हा सल्ला मोहात पाडतो. पण कबुलीनंतर होते ती दोषसिद्धी. तुम्ही मेलबर्नला लेकीकडे जाता. ऑस्ट्रेलियाच्या व्हिजाच्या अर्जात विचारतात, कुठल्याही देशात कधी दोषी ठरला होतात का, एखादा खटला चालू आहे का. तिथे 'नाही' लिहिणं हा या वाइनपेक्षा फार मोठा घोळ होईल. खटला चालू असतानाच अर्ज करावा लागला तर खरं ते लिहा आणि समन्सची प्रत जोडा.

दुसरी गोष्ट मुदतीची. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्ट सहा महिन्यांनंतर घेऊ शकत नाही, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४ सांगतं. तुमच्या प्रसंगाला आठ महिने झालेत. पण लगेच हुरळून जाऊ नका. मोजायची ती कोर्टात तक्रार दाखल झाल्याची किंवा गुन्ह्याची खबर (एफआयआर) नोंदवल्याची तारीख, समन्स दारात आल्याची नव्हे. शिवाय एकत्र चालवता येण्याजोगे गुन्हे असतील तर मुदत त्यातल्या अधिक शिक्षेच्या गुन्ह्यावरून ठरते, आणि कलम ६८ ला कैद आहे. सरकारी पक्ष हाच मुद्दा पुढे करेल. तरीही वकिलांनी आधी त्या तक्रारीची किंवा एफआयआरची तारखेसह नक्कल काढावी. माझ्या हातात प्रकरण असतं तर मी तिथूनच सुरुवात केली असती.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही : पिणाऱ्यांकडे परवाने होते का? हसू नका. महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो, वाइनसाठीसुद्धा. एका दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभरात, आजन्म हजार रुपयांत, आणि आता ऑनलाइन मिळतो. वयाची अट वाइनला एकवीस, कडक मद्याला पंचवीस. परवाना नसेल तर कलम ६६ जोडलं जाऊ शकतं आणि त्यात कैद आहे. वायनरीने बिलासोबत एक दिवसाचा परवाना दिला असेल, तर तो कागद शोधा, पण त्यावरची तारीख बघा. खरेदीच्या दिवशीचा परवाना साठीच्या दिवशी कामाला येत नाही. मॅनेजरचे मेसेजही पुसू नका. 'चालेल' असं त्याने लिहिल्याने गुन्हा पुसला जात नाही, पण दंड किती हे ठरवताना तुमचा प्रामाणिकपणा कोर्टाला दिसतो.

आणि सुपरमार्केट. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने वाइन मोठ्या दुकानांत विकायचा निर्णय घेतला होता, त्यावर केवढं वादळ उठलं ते आठवत असेलच. पण तो निर्णय विक्रीच्या जागेचा होता. वाइन कायद्याच्या नजरेत मद्यच राहिली. मेलबर्नची गोष्टही तशीच उलट बाजूने पाहा : तिथे व्हिक्टोरिया राज्यात गिऱ्हाइकाला बाटली आणू देण्यासाठी रेस्टॉरंटला वेगळा 'बीवायओ' (ब्रिंग युअर ओन, म्हणजे 'आपली बाटली आपणच आणा') परवाना मिळतो. लेकीच्या गल्लीतल्या थाई हॉटेलच्या दारावरची ती तीन अक्षरं म्हणजे सरकारी परवानगी आहे. आपल्याकडे असा परवाना नाहीच.

म्हणून 'बाटली नेता येईल अशी रेस्टॉरंट्स' शोधू नका, परवाना असलेली शोधा. दर्शनी भागात परमिट रूमचा एफएल-३ किंवा वाइन बारचा ई-२ परवाना लावलेला आहे का ते बघा. अशा काही मोठ्या हॉटेलांत कॉर्केज घेऊन बाटली उघडतात. तिथेही मी लेखी होकार मागेन, कारण परवानाधारकाच्या जागेत त्याच्या साठ्याच्या नोंदवहीत नसलेली बाटली सापडली तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं. नेलीच तर सील न फोडलेली, महाराष्ट्रातल्या खरेदीच्या बिलासह. गोव्याहून स्वस्तात आणलेली बाटली तर चुकूनही नको. 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' हे लेबलच तुमच्याविरुद्ध साक्ष देतं.

माझ्या मते याहून सोपं म्हणजे परवाना असलेल्या रेस्टॉरंटला आठवडाभर आधी त्या वाइनचं नाव सांगा, ते घाऊक विक्रेत्याकडून मागवतील. थोडे जास्त पैसे जातील, मद्यावरचा व्हॅट लागेल, पण बाटली त्यांच्या वहीत असेल. (बिलात सेवा शुल्क टाकलं तर ते सक्तीचं नाही, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे.) हॉल घेऊन मोठा समारंभ करायचा असेल तर उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा तात्पुरता परवाना मिळतो, त्यासाठी जागेच्या मालकाची संमती लागते.

तारखेला सातही जण वेळेवर हजर राहा. सासूबाईंना चालवत नसेल तर वैद्यकीय प्रमाणपत्रासह हजेरी माफीचा अर्ज आधीच द्या, त्यांना जिने चढायला लावू नका.